वंशाने मिळणारं नागरिकत्व आणि आपल्या गावाकडचे कागद

नमस्कार मंडळी. फैजपूर, सावदा, पाचोरा, अगदी शिरपूरहून लोक आलेत, म्हणून प्रस्तावना वगैरे न करता सरळ मुद्द्यावर येते. मी जळगावात मराठी कागदांचं इंग्रजीत भाषांतर करते. आधी माझ्याकडे यायची ती मार्कशीट, सातबारा, लग्नाचा दाखला, म्हणजे पोरगं शिकायला चाललंय किंवा सून व्हिसावर चालली. आता बऱ्याचदा आजीआजोबा येतात, हातात पिशवी, पिशवीत महिना-दीड महिन्याच्या बाळाचा जन्मदाखला, आणि म्हणतात ताई, मुलगी कॅनडाची सिटिझन आहे, बाळंतपण इथे केलं, आता बाळाचं काय करायचं ते सांगा.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी हे ठरलेलंच. मुलगी टोरंटोत राहो की कॅल्गरीत, सातव्या महिन्यात यावलला येते, आई डिंकाचे लाडू करते, जळगावच्या दवाखान्यात बाळ होतं, बारसं होतं, आणि मग जावई फोनवर विचारतो की परतीचं तिकीट कधीचं काढू. तेव्हा घरात पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात येतं की बाळाकडे पासपोर्टच नाही, आणि तो कोणत्या देशाचा काढायचा तेही कोणाला धड माहीत नाही.

तर आधी कायदा, थोडक्यात. बाळ कुठे जन्मलं याच्याऐवजी त्याचे आईबाप कोणत्या देशाचे नागरिक आहेत हे बघून जे नागरिकत्व मिळतं त्याला वंशाने नागरिकत्व म्हणतात. कॅनडाचा नियम असा की बाळाच्या जन्माच्या दिवशी आई किंवा बाप यापैकी एक जण कॅनडाचा नागरिक पाहिजे, म्हणजे तिथे जन्मलेला किंवा तिथे जाऊन रीतसर नागरिक झालेला, मग बाळ जळगावात झालं तरी ते जन्मापासूनच कॅनेडियन. सरकार त्याला नागरिकत्व देत बसत नाही, ते त्याचं आहेच, आपण फक्त त्याचा पुरावा मागतो, आणि त्या पुराव्याला सिटिझनशिप सर्टिफिकेट म्हणतात. फी 75 कॅनेडियन डॉलर. हे नीट लक्षात घ्या कारण यातूनच पुढचं सगळं निघतं. तिथल्या अधिकाऱ्याला तुमच्या बाळावर दया करायची नसते की मेहेरबानी करायची नसते, त्याला एवढंच बघायचं असतं की हे बाळ याच बाईचं, आणि ही बाई त्या तारखेला आमची नागरिक होती. दोन प्रश्न. सगळे कागद या दोन प्रश्नांसाठी.

भुसावळचे लोक असतील इथे. यार्डात डब्याला डबा कपलिंगने जोडलेला असतो ना, मधलं एक कपलिंग सुटलं तर इंजिन कितीही भारी असो, मागची गाडी जागच्या जागी. तसंच आहे. बाळाच्या दाखल्यावर आईचं जे नाव आहे तेच नाव तिच्या कॅनडाच्या सर्टिफिकेटवर असेल तर जोड पक्की. नसेल तर मधे एक कागद हवा. घरोघरी जो घोळ होतो तो याच जागी, म्हणून आज मी जास्त वेळ इथेच घालवणार आहे.

समजा मुलीचं माहेरचं नाव सुनंदा, लग्नात सासरच्यांनी सुवर्णा ठेवलं. आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहितात, फोटो काढतात, छान वाटतं. ती नंतर कॅनडात गेली ती शाळेच्या कागदावर, म्हणजे सुनंदा म्हणून, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव लावून. नागरिकही त्याच नावाने झाली. आता बाळंतपणाला दवाखान्यात नाव सांगायला कोण जातं, तर सासूबाई किंवा नणंद, त्या सांगतात सुवर्णा, पुढे नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. दवाखाना तेच फॉर्मवर लिहितो, महापालिकेत तेच जातं, दाखल्यावर तेच छापून येतं. आता कागदावर बघायला गेलं तर बाळाची आई सुवर्णा, आणि कॅनडाची नागरिक सुनंदा, आणि या दोघी एकच हे फक्त आपल्याला माहीत.

याला उपाय आहे, पण तो दवाखान्यातच केलेला सगळ्यात बरा. ज्यांच्या घरी अजून बाळ व्हायचंय त्यांनी हे लिहून घ्या. दवाखान्यात ॲडमिट करतानाच मुलीचा पासपोर्ट काउंटरवर ठेवायचा आणि सांगायचं की जन्माच्या फॉर्मवर आईचं नाव याच्यावर आहे तसंच्या तसं, याच स्पेलिंगने. बापाचंही तसंच. डिस्चार्जच्या आधी तो भरलेला फॉर्म एकदा डोळ्याखालून घालायचा. लाजायचं नाही. नर्स म्हणेल एवढं काय त्यात, म्हणू द्या.

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, दवाखान्यात झालं असेल तर नोंद कळवायचं काम दवाखान्याचं. घरी झालं असेल तर ग्रामपंचायतीत, ग्रामसेवक तिथला निबंधक असतो. आणि नोंद होते ती जिथे जन्म झाला तिथे, बापाच्या गावी नाही. हे साधं वाटतं पण मागच्या पिढीचे दाखले शोधताना लोक इथेच चुकतात, पुढे सांगते.

दुसरं, नावाचा रकाना. आपल्याकडे बारशापर्यंत नाव ठेवत नाहीत, त्यामुळे नोंद होते ती नुसती मुलगा किंवा मुलगी अशी, नावाचा रकाना कोरा, आणि पुष्कळ घरांत तो कोराच राहतो. जन्मनोंदणीच्या नियमात सोय आहे, 12 महिन्यांच्या आत नाव फुकट चढवता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण परदेशी अर्जाला कोरा दाखला जोडू नका, त्याच्यावर बाळाची ओळखच नाही. बारसं झालं की दुसऱ्या दिवशी जाऊन नाव चढवा आणि मगच दाखला काढा. दाखला काढताना चार-पाच प्रती काढा, पासपोर्टला लागते, ओसीआयला, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं त्या कार्डाला लागते, उद्या शाळेला लागते. आणि घेतल्या घेतल्या तिथेच खिडकीशी उभं राहून वाचा, तारीख, लिंग, आईचं नाव, बापाचं नाव, स्पेलिंग. घरी येऊन चूक दिसली की मग दुरुस्तीचा अर्ज, पुरावे, दोन जाणत्या माणसांचं निवेदन, हे सगळं आलं.

आता चूक झालेलीच आहे, दाखल्यावर सुवर्णा आलंच आहे, तर काय. दोन रस्ते. एक म्हणजे दाखला दुरुस्त करून घेणं, कारण नोंदीत खरोखर चूक आहे, तिचं कायदेशीर नाव सुनंदाच आहे, मग पासपोर्ट दाखवून निबंधकाकडे दुरुस्ती मागता येते, आपल्या जन्मनोंदणीच्या कायद्यात 15 वं कलम त्यासाठीच आहे. दुसरा रस्ता म्हणजे मधला कागद. विवाह नोंदणीचा दाखला, तो नमुना ई म्हणतात तो, त्याच्यावर वधूचं लग्नाआधीचं नाव असतं, कधीकधी लग्नानंतरचंही लिहिलेलं असतं. तिने नाव राजपत्रात बदललं असेल तर त्या गॅझेटची प्रत. आणि यातलं काहीच नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र, पण ते शेवटी, कारण प्रतिज्ञापत्र म्हणजे आपणच आपल्याबद्दल सांगितलेलं, त्याच्या मागे एखादा सरकारी कागद असला तरच त्याला वजन येतं.

आणि या सगळ्याबरोबर एक साधं पत्र. एक पान. त्यात लिहायचं की महाराष्ट्रात काही घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायची पद्धत आहे, माझं लग्नाआधीचं आणि कायदेशीर नाव अमुक, सासरी ठेवलेलं नाव तमुक, बाळाच्या दाखल्यावर घरच्यांनी सासरचं नाव सांगितल्यामुळे ते आलं, सोबत विवाहाचा दाखला जोडलाय. झालं. खाली सही, तारीख. ओटावाला बसलेल्या माणसाला आपली रीत माहीत असायचं काही कारण नाही, पण सांगितलं की कळते. न सांगता दोन वेगळी नावं समोर टाकली तर तो संशय घेणार, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही घेतला असता.

हे मी इतकं तळमळीने का सांगतेय, तर आपल्याकडे याच्या उलट सल्ला देणारे खूप आहेत. कागद जुळवून देतो म्हणतात. शाळेचा दाखला नवा काढून देतो, जन्मतारीख बदलून देतो, जुन्या नोंदीत नाव घुसवून देतो. मंडळी, हे करू नका. हात जोडून सांगते. खरे कागद वेगवेगळे असले तर त्याचं कारण सांगता येतं, खोटा कागद सापडला की त्याला काही कारण सांगता येत नाही, आणि मग फक्त तो एक अर्ज जात नाही, त्या घरातल्या प्रत्येकाच्या पुढच्या अर्जाकडे त्याच नजरेने बघतात. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती देऊन मिळवलेलं नागरिकत्व काढून घ्यायची तरतूद आहे. बाळाच्या नशिबी हे कशाला.

आता 1 जून. हसताय, म्हणजे इथे बऱ्याच जणांचा वाढदिवस 1 जूनचा दिसतोय. आपल्या पिढीतल्या, आणि त्याच्या आधीच्या तर कितीतरी लोकांना शाळेत घालायला बाप घेऊन गेला, गुरुजींनी विचारलं जन्म कधीचा, बाप म्हणाला पोळ्याच्या आसपासचा, गुरुजींनी पोरगं बघितलं, वय अंदाजलं आणि 1 जून लिहून टाकलं. एक आप्पा आले होते पारोळ्याकडचे, त्यांना मी जन्मतारीख विचारली तर म्हणाले, बेटा, मना जलम पोयाना दिन व्हयना, साल कोन ध्यानमा ठेवस? त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर अर्थातच 1 जून. मग मुलाने ग्रामपंचायतीतून जुनी जन्मनोंद काढली तर ती निघाली ऑगस्टमधली, वेगळ्या सालाची. मुलाला वाटलं आता छान झालं, खरा दाखला मिळाला, तो जोडू. मी म्हटलं थांब. तुझ्या वडिलांचा पासपोर्ट, पेन्शन, आधार, सगळं आयुष्य 1 जूनवर चाललंय. ऑगस्टचा कागद दडवायचा नाही, पण तो जोडायचा असेल तर शाळेच्या दाखल्यासोबत आणि पत्रासोबत, की नोंद वडिलांची आहे हे आजोबांच्या नावावरून आणि गावावरून कळतं, आणि शाळेत तारीख अंदाजाने घातली गेली. असं सांगितलं की दोन्ही कागद एकमेकांना धरून राहतात.

या 1 जूनचा अजून एक त्रास अमेरिकेच्या फॉर्मवर होतो. तिथे आधी महिना लिहितात मग दिवस. आपण सवयीने 01/06 लिहिलं की तिकडे ते 6 जानेवारी वाचतात. कॅनडाच्या फॉर्मवर आधी साल असतं. म्हणून भाषांतरात मी महिना नेहमी अक्षरात लिहिते, तुम्हीही जिथे जागा असेल तिथे अक्षरातच लिहा.

बरं, तुम्ही म्हणाल बाळाच्या सर्टिफिकेटला आप्पांची जन्मनोंद कशाला. कॅनडाच्या पहिल्या पिढीच्या, म्हणजे घरातलं बाहेर जन्मलेलं पहिलंच बाळ असेल त्याच्या अर्जाला बहुतेक वेळा नाही लागत, बाळाचा दाखला, आईचं किंवा बापाचं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट, ओळखपत्रं, 50 बाय 70 मिलिमीटरचे फोटो, नाव बदललं असेल तर त्याचा कागद, असंच असतं, नेमकी यादी फॉर्मबरोबर येते ती बघायची. पण त्याच बाळाचं पुढे ओसीआय कार्ड काढायचं असतं, आणि तिथे भारत सरकार उलटा प्रश्न विचारतं, की याचे आईवडील, किंवा आजीआजोबा, अगदी पणजोबापर्यंत, कोणी 26 जानेवारी 1950 ला किंवा नंतर भारताचे नागरिक होते का, आणि होते तर त्यांचं आणि बाळाचं नातं दाखवा. आईचा जुना भारतीय पासपोर्ट आणि तो जमा केल्याचं सर्टिफिकेट असेल तर काम सोपं. नसेल तर मग गावाकडे शोध सुरू होतो, आणि तो शोध आपल्या खानदेशात कसा करायचा हे मला आज नक्की सांगायचंय.

पहिलं म्हणजे कुठे शोधायचं. ज्याचा जन्म शोधताय त्याच्या आईचं माहेर कोणतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. बाप एरंडोलचा असेल पण जन्म मामाच्या गावी, अमळनेर तालुक्यात, तर एरंडोलला वर्षभर चकरा मारल्या तरी नोंद निघणार नाही, कारण ती तिथे कधी झालीच नाही. आणि हे सांगणारी माणसं आज आहेत, उद्या नसतील. आजीला जाऊन बसा तिच्याजवळ, कोणतं पोर कुठे झालं, दायी कोण होती, त्या वर्षी काय होतं, विचारा. तिला साल नाही सांगता येणार पण दुष्काळाच्या आधी की नंतर ते सांगेल, 1972 चा दुष्काळ कोणी विसरलेलं नाही.

दुसरं, कोणते कागद. ग्रामपंचायतीची किंवा पालिकेची जन्मनोंद. तहसील कार्यालयातली कोतवाल बुकाची नक्कल, म्हणजे गाव नमुना 14, त्यात गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. ही जातीच्या दाखल्यासाठी लोकांना माहीत झाली, 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं तेव्हा रेकॉर्ड रूममधली कितीतरी जुनी बुकं बाहेर निघाली, त्यातली काही जुन्या मोडी लिपीत, ती वाचायला मोडी जाणणारी माणसं शोधावी लागली. तुमची नोंद मोडीत निघाली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, मग त्याचं भाषांतर. आणि शाळा. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा, नुसता शाळा सोडल्याचा दाखला नको. रजिस्टरात जन्मगाव, तालुका, जिल्हा, बापाचं नाव, आधीची शाळा सगळं असतं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत ती रजिस्टरं फार जुनी सापडतात. भुसावळकडच्या घरांत रेल्वेची नोकरी असेल तर आजोबांचे पेन्शनचे कागद बघा, त्यात बायकोमुलांची नावं असतात. काहीच मिळालं नाही तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला मागा निबंधकाकडे, तोही कागदच आहे, म्हणजे तुम्ही शोधलं आणि नाही मिळालं हे त्याने सिद्ध होतं, मग शाळेच्या उताऱ्याला जोर येतो. जन्माची नोंद आता उशिराने नव्याने करायची म्हटलं तर एक वर्षानंतरच्या नोंदीला महसूल अधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि त्याची पडताळणी हल्ली चांगलीच कडक झालीय, आणि मला विचाराल तर साठ वर्षांपूर्वीच्या जन्माची आजची नोंद परदेशी अधिकाऱ्यालाही पटत नाही, जुना शाळेचा उतारा त्याहून जास्त पटतो.

तिसरं, गावाची नावं. जुन्या कागदावर जिल्हा पूर्व खानदेश असं दिसेल. 1906 साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन केले, पूर्व म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे, आणि धुळ्यातून 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा झाला. म्हणजे शहाद्याच्या एकाच घरात पणजोबांच्या कागदावर वेस्ट खानदेश, वडिलांच्या कागदावर धुळे आणि मुलाच्या कागदावर नंदुरबार. राज्यसुद्धा बदललं, 1 मे 1960 च्या आधीच्या कागदावर मुंबई राज्य. धरणगाव आधी एरंडोल तालुक्यात होतं. मुक्ताईनगरचं जुन्या कागदावर एदलाबाद असतं. हतनूरच्या धरणात गावं गेली, त्यांची गावठाणं हलली. हे सगळं आपल्याला सवयीचं आहे म्हणून आपण फॉर्मवर आजचं नाव लिहून मोकळे होतो आणि कागदावर निघतं वेगळंच. पत्रात एक ओळ घाला, जन्मस्थळ त्या काळी अमुक जिल्ह्यात होतं, आता तमुक. गॅझेटियरचं, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाचं पान जोडता आलं तर उत्तमच.

आडनावं तर विचारूच नका. आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन, देशमुख ही मूळची मानाची, वतनाची नावं, त्यामुळे आजोबा चौधरी लावायचे, वडिलांना शाळेत पाटील लावलं, काका अजून चौधरीच. आणि नावाला भाऊ, राव, आप्पा, सिंग चिकटलेलं असतं, एका कागदावर राम, दुसऱ्यावर रामभाऊ, तिसऱ्यावर रामराव. बोलीचाही परिणाम, काळूचा कायू होतो आणि कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. ज्ञानेश्वर इंग्रजीत डीएनवायने लिहिलं की जीवायने. या प्रत्येक फरकाला राजपत्र लागत नाही, घाबरू नका. गाव तेच, बापाचं नाव तेच, आईचं नाव तेच, वय साधारण जुळतंय, तर माणूस तोच हे सांगता येतं. मी तर म्हणते एका कागदावर तक्ता आखा, डावीकडे कागदाचं नाव, मधे त्यावर माणसाचं नाव कसं आलंय, उजवीकडे तारीख आणि गाव. असा तक्ता समोर असला की कोणत्याही अधिकाऱ्याचं काम निम्मं होतं.

भाषांतराबद्दल माझं फार ठाम मत आहे. कागदावर जे आहे तेच इंग्रजीत आलं पाहिजे, शाई फुटलीय तर फुटलीय म्हणून लिहायचं, शिक्का वाचता येत नाही तर तसं लिहायचं, खाडाखोड आहे तर तीही. लोक म्हणतात ताई, तेवढं सुवर्णाचं सुनंदा करून टाका ना, भाषांतरच तर आहे. मी नाही करत, आणि जो करून देईल त्याच्याकडे जाऊ नका. मूळ मराठी कागदाची प्रत भाषांतराला जोडलेली असते, तिकडेही मराठी वाचणारी माणसं आहेत. आणखी एक, घरातल्या माणसाने केलेलं भाषांतर कॅनडाला चालत नाही, मामा इंग्रजीचा प्राध्यापक असला तरी. भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं, की मला दोन्ही भाषा येतात आणि हे बरोबर आहे.

अपोस्टिलबद्दल सगळे विचारतात. तो म्हणजे आपल्या सरकारी कागदावर विदेश मंत्रालयाचा शिक्का, की ही सही खरी आहे. हा शिक्का एकमेकांचा मानायचा देशादेशांत करार आहे, भारत 2005 पासून त्यात आहे आणि कॅनडात तो 11 जानेवारी 2024 पासून लागू झाला. प्रत्येक अर्जाला लागतो असं नाही, यादीत लिहिलं असेल तरच करा, उगीच पैसे घालू नका. आणि कागद लॅमिनेट करू नका. जपायचं म्हणून लोक दाखला प्लास्टिकमधे घट्ट बंद करून आणतात आणि मग त्याच्यावर शिक्का मारता येत नाही, तो नव्याने काढावा लागतो. साधी प्लास्टिकची फाइल पुरते.

अमेरिकेचं थोडं वेगळं. तिथे बाळाच्या जन्माची नोंद त्यांच्या वकिलातीत करतात, आपल्याला मुंबईची, बाळ 18 वर्षांचं व्हायच्या आत. आईबापांपैकी एकच अमेरिकन असेल आणि लग्न झालेलं असेल तर त्या एकाने बाळाच्या जन्माआधी अमेरिकेत एकूण पाच वर्षं राहिलेलं असलं पाहिजे, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. नागरिक व्हायच्या आधीची, म्हणजे स्टुडंट व्हिसावरची, नोकरीवरची वर्षंही त्यात धरतात. पण राहिल्याचं दाखवायला लागतं, म्हणून जावयाला सांगा की कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट, डब्ल्यू टू म्हणजे तिथला वर्षाच्या पगाराचा दाखला, टॅक्सचे कागद, जुने पासपोर्ट घेऊनच ये. ब्रिटनचं सोपं आहे, तिथे जाऊन नागरिक झालेल्याचं बाळ इथे झालं तरी ब्रिटिशच, पण त्या बाळाची पुढची पिढीही बाहेरच जन्मली तर त्यांना ते आपोआप मिळत नाही.

आणि उलट दिशेचं विसरू नका. नवराबायको दोघं भारतीय, मस्कतला किंवा कुवेतला नोकरी, बाळ तिथेच झालं. ते आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या चौथ्या कलमाने वंशाने भारतीय, पण 3 डिसेंबर 2004 पासून अट आहे की जन्माची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत झाली पाहिजे, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी. तिथला अरबी दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, आईवडिलांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला. इथेही पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घातलेलं नसतं आणि तिथे अडतं. पोरगं गावाकडे आल्यावर बघू असं म्हणू नका, वर्ष कसं जातं कळत नाही.

विचारा आता कोणाला काही विचारायचं असेल तर.

हो, काका. यांचा मुलगा कॅनडात पीआर आहे, नातू इथे झाला, त्याला मिळेल का. नाही काका. पीआर म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, नागरिकत्व नाही. बाळाच्या जन्माच्या दिवशी बाप किंवा आई नागरिक पाहिजे. नागरिकत्वाची शपथ जन्मानंतर एका आठवड्याने घेतली तरी वंशाने नाही मिळणार, मग त्याच्यासाठी वेगळा मार्ग आहे, आधी नातवाला तिकडे पीआर करायचं आणि मग नागरिकत्वासाठी अर्ज. म्हणून शपथेच्या दिवसाचं सर्टिफिकेट आणि बाळाची जन्मतारीख या दोन तारखा शेजारी ठेवून आधी बघायच्या, बाकी सगळं नंतर.

ताईंचा प्रश्न, आई कॅनेडियन, बाप भारतीय, बाळ इथलं, मग दोन्ही पासपोर्ट काढायचे का. असं करू नका. अशा बाळाला आपल्या कायद्याने जन्माने भारतीय नागरिकत्वही येतं, पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. घरात बसून ठरवा बाळ कुठे वाढणार आहे, कोणता पासपोर्ट, आणि त्यावर एकदा वकिलाचा सल्ला घ्या, तेवढी फी द्यायला मागेपुढे बघू नका. दोघंही कॅनेडियन असतील तर हा प्रश्नच नाही, ते बाळ भारतीय नाही, त्याला तिथला पासपोर्ट घेऊनच निघावं लागतं आणि इथून बाहेर पडायला एफआरआरओची, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाची परवानगी लागते, ती ऑनलाईन मागता येते. म्हणून परतीचं तिकीट आधी काढू नका, कागद हातात आले की काढा.

आणि मागून एक भाऊ विचारताहेत की हे बाळ मोठं झालं, त्याची मुलं परत इथेच झाली तर. फार चांगला प्रश्न. आधी कॅनडात पहिल्या पिढीपर्यंतच मर्यादा होती. 15 डिसेंबर 2025 पासून कायदा बदललाय. त्या तारखेपासून पुढे बाहेर जन्मलेल्या दुसऱ्या पिढीलाही मिळू शकतं, पण मग बाहेर जन्मलेल्या त्या आईने किंवा बापाने स्वतःच्या बाळाच्या जन्माआधी कॅनडात एकूण 1,095 दिवस काढलेले असले पाहिजेत. सलग नकोत, एकूण. म्हणजे आज जळगावात जन्मलेलं बाळ तिकडे ज्या शाळेत जाईल तिथली रिपोर्ट कार्डं, डॉक्टरकडच्या नोंदी, प्रत्येक प्रवासाच्या तारखा, जुने पासपोर्ट, हे सगळं त्याच्या आईने आजपासून एका फाइलीत टाकत जायचं. तुमची मुलगी आता इथेच आहे ना भाऊ, तिला आजच सांगा, आणि जन्मदाखल्यावर आईचं नाव काय आलंय तेवढं मला मोबाईलवर दाखवून जा.